लॉटच्या वर्णनातली शेवटची ओळ

गेली सहा वर्षं मी झोपण्याआधी नाण्यांच्या लिलावाचे कॅटलॉग वाचते. विकत घेण्यासाठी नाही, तेवढे पैसे माझ्याकडे कधीच नव्हते. म्युनिकला शिकायला आले तेव्हा वर्गातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की या शहरात जुन्या नाण्यांचे मोठे लिलाव होतात आणि लिलावाआधी काही दिवस नाणी बघायला कुणीही जाऊ शकतं. मला ते खरं वाटलं नाही, म्हणून गेले. ओळखपत्र दाखवलं, खुर्ची मिळाली, मऊ कापडाचा ट्रे समोर आला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "कडेला धरा, चेहऱ्यावर बोट नको." बस्स. एवढ्या सूचनेवर अथेन्सचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं माझ्या चिमटीत होतं. संग्रहालयात काचेपलीकडे बघताना नाण्याला वजन असतं हे आपण विसरतो. हे जड होतं, आणि आपल्या दहाच्या नाण्याहून दुप्पट तरी जाड.

तेव्हापासून कॅटलॉग. आता ते फोनवरच येतात. एका लिलावात हजारभर लॉट, प्रत्येकाला दोन फोटो आणि चार ओळी. वाचता वाचता माझं मत झालं आहे की हा एक साहित्यप्रकार आहे, त्याचे नियम आहेत, त्याच्या लकबी आहेत, आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही. कारण वाचणारे सगळे गिऱ्हाईक असतात.

एक नमुना घेऊ. हा मी रचलेला आहे, पण असे शेकडो सापडतील: "ॲटिका, अथेन्स. टेट्राद्राख्म, इ. स. पू. ४५४–४०४. १७.१८ ग्रॅम, २४ मिमी, ९ वाजता. शिरस्त्राण घातलेली अथेना उजवीकडे. मागे घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर. नाण्यावर चाचणीची चीर. व्हेरी फाइन. जुन्या दक्षिण जर्मन खाजगी संग्रहातून."

टेट्राद्राख्म म्हणजे चार द्राख्मांचं नाणं. द्राख्मा या शब्दाचा मूळ अर्थ मूठभर. तोच शब्द संस्कृतात 'द्रम्म' झाला आणि आपल्याकडे 'दाम' आणि 'दमडी' होऊन राहिला, म्हणजे भाजीवाल्याशी दामावरून घासाघीस करताना आपण थोडं ग्रीक बोलत असतो. '९ वाजता' म्हणजे वेळ नाही. नाणं सरळ धरून उभ्या अक्षाभोवती उलटलं की मागच्या चित्राचा माथा घड्याळातल्या कुठल्या आकड्याकडे येतो, ते. अशा गोष्टी कॅटलॉग फार प्रामाणिकपणे सांगतो. वजन शंभराव्या भागापर्यंत. व्यास मिलिमीटरमध्ये. मोजता येईल ते सगळं मोजून दिलेलं असतं, आणि त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की उरलेलंही मोजूनच लिहिलं असणार.

उरलेलं तसं नसतं. 'व्हेरी फाइन' ही श्रेणी बघणाऱ्याच्या डोळ्यावर आहे. त्याहून घसरडा शब्द 'फाइन स्टाईल'. म्हणजे ठसा कोरणारा कारागीर चांगला होता. हे कुणी ठरवायचं? सिराक्यूजच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे, कारण तिथल्या कारागिरांनी इ. स. पू. पाचव्या शतकाच्या शेवटी नाण्यांवर चक्क सह्या केल्या. किमोनने कोरलेलं डेकाद्राख्म, म्हणजे दहा द्राख्मांचं, सुमारे ४३ ग्रॅमचं नाणं, भिंगाखाली धरलं तर अरेथुसेच्या कपाळावरच्या पट्टीवर त्याच्या नावाची बारीक अक्षरं दिसतात. त्याच शहरातला एव्हाइनेटोस हाही तसाच. पुढे दूरदूरच्या गावांनी त्याच्या त्या मुखड्याची नक्कल केली. या दोघांची नाणी बघताना मला 'फाइन स्टाईल' हा शब्दच थिटा वाटतो. पण अथेन्सच्या घुबडांना जेव्हा तो लावला जातो तेव्हा मी सावध होते. अथेन्सने ही नाणी लॉरिओनच्या खाणीतल्या चांदीतून आणि मित्रराज्यांच्या खंडणीतून अक्षरशः ढिगांनी पाडली. मुद्दाम एकसारखी, थोडी जुनाट वळणाची, कारण परक्या बंदरातल्या माणसाने ती बघताक्षणी ओळखायला हवी होती. तिथे सौंदर्य हा हेतूच नव्हता. आणि कॅटलॉग तेच विकतो.

महागड्या लॉटखाली तीन-चार परिच्छेदांची टीपही असते. काही टीपा खरोखर सुंदर लिहिलेल्या असतात, मी त्यांतून ग्रीक इतिहास जितका शिकले तितका पुस्तकांतून नाही. पण बहुतेक टीपांना एक खोड आहे. घुबड कुठलंही असो, खाली सालामिसची लढाई होतेच. थेमिस्टोक्लीस लॉरिओनची चांदी वाटून न टाकता तिची जहाजं बांधायला लावतो, इराणी आरमार बुडतं, लोकशाही वाचते. गोष्ट उत्तम आहे. फक्त सालामिस इ. स. पू. ४८०चं, आणि लॉटमधलं नाणं त्यानंतर तीस-चाळीस किंवा सत्तर वर्षांनी पाडलेलं. त्या नाण्याने कदाचित एखाद्या वल्हेकऱ्याचा पगार दिला असेल, किंवा ते खंडणी न देणाऱ्या एखाद्या बेटावर चालून जाणाऱ्या मोहिमेत खर्च झालं असेल. ते कोणी लिहीत नाही. त्याने बोली वाढत नाही.

आता चिरेकडे येते, कारण माझं सगळं भांडण तिथून सुरू होतं.

चाचणीची चीर म्हणजे नाण्यावर छिन्नीचा घाव. अथेन्सची नाणी इजिप्त, लेव्हांट अशा प्रदेशांत गेली तेव्हा तिथे ती नाणी म्हणून नव्हे, चांदी म्हणून घेतली जात. घेणाऱ्याला शंका यायची: वर चांदी आणि आत तांबं तर नाही? मग छिन्नी. शंका अगदीच खोटी नव्हती. पेलोपोनेशियन युद्ध हरत आलं तेव्हा, इ. स. पू. ४०६च्या सुमारास, खुद्द अथेन्सनेच तांब्यावर चांदी चढवलेली नाणी पाडली होती.

लिलावात अशी चीर असलेल्या नाण्याची किंमत धाडकन खाली येते. कॅटलॉग ती दोषांच्या यादीत टाकतो, ओरखडा, कडेची भेग यांच्या शेजारी. मला हे वाचनातलं मोठं अपयश वाटतं. त्या नाण्याच्या आयुष्यातला जो एकमेव क्षण आपल्याला दिसतो, एका माणसाने ते हातात घेतलं, विश्वास ठेवला नाही, घाव घातला, आत चांदीच निघाली आणि मग ते स्वीकारलं, तोच दोष ठरतो. जे नाणं कुणी वापरलंच नाही, पाडल्याबरोबर मडक्यात गेलं आणि परवा निघालं, ते मात्र 'जणू टांकसाळीतून आत्ता आलेलं'. म्हणजे ज्याला आयुष्य नाही त्याला जास्त पैसे.

पारख करणं ही अथेन्समध्ये गंमत नव्हती. इ. स. पू. ३७५ मधला एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे, निकोफोनने मांडलेला. बाजारात सराफांच्या मेजांमध्ये एक पारखी बसेल. तो सरकारी गुलाम असेल. अस्सल अथेन्सचं नाणं त्याने मान्य केलं की ते सगळ्यांनी घ्यायचं. आत तांबं किंवा शिसं निघालं तर त्याने ते तिथल्या तिथे कापायचं आणि देवमातेच्या नावे जमा करायचं. कामात हयगय केली तर त्याला पन्नास फटके. आपल्याकडे हेच काम पोतदार करायचा. अनेकांना ते आता फक्त आडनाव वाटतं. या दोघांची आठवण मला कॅटलॉग वाचताना सारखी येते. आजच्या लिलावातही पारखी आहेत, त्यांचं ज्ञान थक्क करणारं आहे, पण त्यांचा पगार नाणं विकणाऱ्याकडून येतो.

आणि फटके नाहीत.

तर ती शेवटची ओळ: "जुन्या दक्षिण जर्मन खाजगी संग्रहातून." याला व्यवहारात प्रॉव्हेनन्स म्हणतात, नाण्याच्या मालकीचा माग. फोनवर ही ओळ बारीक अक्षरात, कधी कधी 'आणखी वाचा' दाबल्यावर दिसते. पण हल्ली किमतीवर तिचा प्रभाव मोठा आहे. १९७०च्या युनेस्को करारानंतर, आणि त्याहून जास्त गेल्या वीस वर्षांत, एखादी प्राचीन वस्तू कधी, कुठून बाहेर आली हा प्रश्न टाळणं अवघड झालं आहे. त्यामुळे जुना माग असलेल्या नाण्याला लोक जास्त देतात.

चांगला माग कसा असतो त्याचं उदाहरण म्हणजे पोझ्झी. पॅरिसचे डॉक्टर सॅम्युएल पोझ्झी, ज्यांचं लाल झग्यातलं भलंमोठं चित्र सार्जंटने १८८१मध्ये रंगवलं. १९१८मध्ये त्यांच्याच एका रुग्णाने त्यांना गोळ्या घातल्या. त्यांचा ग्रीक नाण्यांचा संग्रह १९२१मध्ये लुसर्नला लिलावात निघाला आणि त्याच्या कॅटलॉगमध्ये नाण्यांची छायाचित्रं होती. प्राचीन नाणी हातोड्याने पाडलेली असल्यामुळे प्रत्येकाचा आकार थोडा वेगळा, चित्र कुठे सरकलेलं, कड कुठे फाटलेली. बोटाच्या ठशासारखं. आज कुणाच्या हातातलं नाणं त्या शंभर वर्षांपूर्वीच्या पानावरच्या फोटोशी जुळलं, तर ते नाणं १९२१मध्ये जमिनीत नव्हतं हे नक्की होतं. जुने कॅटलॉग चाळून अशी जुळणी करणारे लोक आहेत, आता संगणकही ते करतो. कॅटलॉग या प्रकारातलं सगळ्यात मोलाचं साहित्य मला हेच वाटतं: काळीपांढरी पानं, एकही विशेषण नाही.

पण ओळ कुणीही लिहू शकतं. ऑक्टोबर २०२०मध्ये लंडनच्या एका लिलावात दोन नाणी गाजली. एक रोमन, सोन्याचं, सीझरच्या खुनाची जाहिरात करणारं, ब्रूटसने पाडलेलं. ते सुमारे ४२ लाख डॉलरला गेलं. दुसरं सिसिलीतल्या नाक्सोसचं चांदीचं, एका बाजूला दाढीवाला डायोनिसस, दुसऱ्या बाजूला मांडी पसरून बसलेला, हातात प्याला घेतलेला सिलेनस. ज्यांनी हे नाणं पाहिलंय त्यांना पुन्हा दारूची जाहिरात बघवणार नाही, इतका तो सिलेनस जिवंत आहे. २०२३च्या जानेवारीत त्या लिलावसंस्थेच्या प्रमुखाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. आरोप: या नाण्यांचे माग बनावट होते. मार्चमध्ये सोन्याचं नाणं ग्रीसला परत गेलं. सगळी मेहनत नाण्यांवर नाही, शेवटच्या ओळीवर झाली होती. नाणी खणखणीत होती, वाक्य खोटं होतं.

याच्या नेमकी उलटी गोष्ट २०१२ची. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलमध्ये नाण्यांचं मोठं संमेलन भरलं होतं. तिथे एका नामांकित संग्राहकाला, हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला, पोलिसांनी पकडलं. तो सिसिलीतल्या अक्रागासचं एक डेकाद्राख्म विकायला बघत होता: सशावर बसलेले दोन गरुड, मागे चार घोड्यांचा रथ. जगात हातावर मोजण्याइतकी उरलेली नाणी, किंमत पंचवीस लाख डॉलरच्या घरात. ते इटलीत अलीकडेच जमिनीतून निघालं आहे, असं त्याने गिऱ्हाइकाच्या वेषातल्या तपास अधिकाऱ्याला सांगितलं होतं. मग नाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि कळलं की ती बनावट आहेत. तज्ज्ञांनी वाखाणलेली, पण आजच्या काळात बनवलेली. त्याला समाजसेवेची शिक्षा झाली आणि त्याने या प्रकाराबद्दल नाणकशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहावा असंही ठरलं. लेख लिहिण्याची शिक्षा ही कल्पना मला अजून आवडते.

ही गोष्ट लोक विनोद म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. 'ताजं निघालेलं' हे शब्द त्या माणसाने भीतीने नाही, खात्री पटवण्यासाठी वापरले. मागच नसणं हाच खरेपणाचा पुरावा. चोरीचं आहे म्हणजे अस्सल असणार, असा हा तर्क आहे, आणि तो त्या एकट्याचा नव्हता.

पण एका नाण्याचा माग हरवला तर बिघडलं काय, असं मला सुरुवातीला वाटायचं. नाणं आहे ना? नाशिकने मला ते समजावलं. १९०६मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांवर त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक लिपीत त्याचं नाव, कारण पश्चिम भारतात तोवर ग्रीक नाण्यांची वळणं मुरली होती. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चिन्हं ठोकली होती: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. नहपानाच्या तोंडावरच. लिलावाच्या भाषेत ही हजारो 'खराब' नाणी. इतिहासाच्या भाषेत एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. पण तो पुरावा एका नाण्यात नाही. इतकी नाणी एकत्र होती, इतक्यांवर ठसा होता, इतक्यांवर नव्हता, आणि कुणीतरी पांगण्याआधी ती मोजली, यात तो आहे. तीच नाणी रातोरात नाशिकच्या सराफांकडे वाटली गेली असती तर आज एखाद्या कॅटलॉगमध्ये एकेक लॉट आला असता: नहपान, द्राख्म, वर पुन्हा ठोकलेले ठसे, फाइन, जुन्या संग्रहातून.

तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ १९८४मध्ये नेमकं असंच झालं. सुमारे १९०० नाणी, त्यांत अथेन्सची चौदा डेकाद्राख्म. तोवर ही डेकाद्राख्म साऱ्या जगात डझनभरच माहीत होती. खणणाऱ्यांकडून ती देशाबाहेर गेली, मोठा भाग अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी घेतला. तुर्कस्तानने १९८९मध्ये दावा लावला आणि १९९९मध्ये बहुतेक नाणी परत मिळाली. नाणी परत मिळाली. पण मडकं कसं पुरलं होतं, आसपास काय होतं, हे आता कोण सांगणार.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी मी एक घुबड घेतलं. तेच, चीर असलेलं, म्हणून परवडलं. २८० युरोची बोली, त्यावर वीस टक्के लिलाववाल्यांचे, शिवाय टपाल. छिन्नीचा घाव घुबडाच्या पंखातून थेट डोळ्याखाली गेला आहे आणि आतली चांदी राखाडी, स्वच्छ दिसते. मी बोली लावली तेव्हा विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये होते, फोनच्या पडद्यावर आकडा थांबला आणि माझे हात थरथरत होते. शेवटची ओळ तीच होती, जुना दक्षिण जर्मन संग्रह. त्या दिवशी मी ती वाचली नाही. सहा वर्षं दुसऱ्यांच्या लॉटखाली वाचते, माझ्या लॉटखाली नाही वाचली.

दोन महिन्यांनी लिलावसंस्थेला पत्र लिहिलं: हा संग्रह किती जुना, एखादं बिल, एखादी चिठ्ठी आहे का? उत्तर नम्र होतं. विकणाऱ्यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली आहे, संस्थेला मागाबद्दल शंका नाही, खरेदीबद्दल आभार. मी पुन्हा विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही.

कदाचित सगळं खरं असेल. एखाद्या शिक्षकाच्या कपाटातलं, त्याच्या मुलांनी विकलेलं. माझ्याकडे उलटं म्हणायलाही काही आधार नाही. पण मला यातली एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. या वर्षी घर बदलायचं होतं, अनामत भरायला पैसे कमी पडत होते, म्हणून ते नाणं दुसऱ्या एका संस्थेकडे विकायला द्यायचा विचार केला. त्यांचा ऑनलाइन फॉर्म आहे. फोटो टाकले, वजन लिहिलं. प्रॉव्हेनन्सच्या रकान्याखाली सूचना होती: आधीच्या लिलावाचं नाव आणि लॉट क्रमांक पुरेसा आहे. म्हणजे माझ्यानंतरच्या माणसाला दक्षिण जर्मन संग्रह दिसणारच नाही. त्याला दिसेल म्युनिकचा लिलाव, वर्ष, क्रमांक. छापील, तपासता येईल असं. आणि त्याच्यानंतरच्याला दोन लिलाव दिसतील. एकदा कॅटलॉगमध्ये गेलेलं वाक्य, खरं असो की खोटं, पुढच्या कॅटलॉगचा संदर्भ होतं, आणि तो संदर्भ तयार करणारी या साखळीतली पहिली नाव असलेली व्यक्ती मी आहे.

मी त्या रकान्यात लिलावाचं नाव लिहिलं. मग त्याखाली लिहिलं: त्याआधीचं माहीत नाही, विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही. फॉर्म गेला. चार दिवसांनी त्यांचा मेल आला की नाणं त्यांना आवडलं आहे, अंदाजे बोली २५० युरो, आणि वर्णनातली दुसरी ओळ जागेअभावी गाळावी लागेल, चालेल का?

अनामत मी भावाकडून उसनी घेतली. नाणं अजून टेबलाच्या खणात आहे, चीर वरच्या बाजूला.